दहाव्या दिवशी खाडीत

मानेवरची गाठ सगळ्यात आधी सापडली ती आमच्या सलूनवाल्याला. दाढी झाली की तो मानेला दोन चापट्या मारून मालिश करतो, फुकट. त्या दिवशी त्याचा हात मध्येच थांबला.

"काका, इधर कुछ है."

"तुझाच साबण असेल," मी म्हटलं.

तो हसला नाही. वीस वर्षांत माझ्या विनोदाला न हसलेला तो पहिला माणूस. पुढे असे बरेच भेटले, बहुतेक पांढऱ्या कोटात.

हे लिहायला मला केमोच्या वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं. म्हणाली, "अप्पा, तुम्ही इतकं बोलता, ते लिहून काढा. नवीन पेशंटला वाचायला देऊ." म्हणजे माझं बोलणं बंद करायचा हा तिचा सभ्य मार्ग होता. तरी लिहितोय. दमत दमत लिहितोय, त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर समजून घ्या.

ऐकणारा कॅन्सर

मी सारसोळ्याचा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. जातीने कोळी, नोकरीने कारकून. माझा बाप खाडीवर जगला. मला होडीत बसलं की मळमळतं, म्हणून बापाने दहावीनंतर सांगितलं, "तू कागद मार. मासं तुज्यानं व्हयाचं नाय." तेव्हापासून मी शिपिंगच्या एका ऑफिसात कागद मारतो. घरात आय, म्हणजे माझी आई, बायको मंदा आणि मुलगी सायली.

सायलीबद्दल आधीच सांगतो. ती इथून जवळच्याच एका लॅबमध्ये पीएचडी करते. विषय, कॅन्सरच्या पेशी. त्यामुळे रिपोर्ट आला तेव्हा नातेवाईक म्हणाले, "तुला काय टेन्शन? घरातच एक्स्पर्ट." मला त्या एक्स्पर्टचा चेहरा बघूनच टेन्शन आलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तिने पाकीट उघडलं, पहिलं पान वाचलंच नाही, थेट शेवटचं काढलं. मग दोन्ही पानं नीट घडी करून परत पाकिटात ठेवली. इतकी नीट घडी ती आयुष्यात कधी घालत नाही. तिचे कपडे खुर्चीवर असतात.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, लिम्फोमा.

मंदाने विचारलं, "म्हणजे कॅन्सरच ना?"

"हो. पण औषधाचं ऐकणारा."

घरात कोणीतरी ऐकणारं असावं अशी माझी फार वर्षांची इच्छा होती. ती अशी पूर्ण होईल असं वाटलं नव्हतं.

सहा केमो, दर तीन आठवड्यांनी एक. "सहाच्या सहा झाल्या पाहिजेत, आणि वेळेवर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचं काम एवढंच. मध्ये ताप आला तर तासाभरात इथे. घरी गोळी घ्यायची नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

आयला आम्ही 'गाठ आहे, औषध चालू करतोय' असं सांगायचं ठरवलं होतं. रिक्षातून उतरेपर्यंत रिहर्सल केली. ती ओट्यावर बसली होती. आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "कॅन्सर हाय ना? मंग तसं बोल. मना येडी समजू नको."

पहिली सलाईन

केमोच्या वॉर्डात लांबलचक आरामखुर्च्या असतात. विमानातल्या महागड्या सीटसारख्या, फक्त विमान उडत नाही. पाच-सहा तास बसायचं. एक औषध लाल असतं, रसना सरबताच्या रंगाचं. ते गेल्यावर लघवीही लाल होते. सिस्टरने आधी सांगितलं होतं, तरी मी बाथरूममधून बाहेर येऊन मंदाला म्हटलं, "संपलं. मी संपलो."

पहिल्याच दिवशी मी सायलीला विचारलं, "ह्या पेशी आत नक्की करतात काय? सांग ना. तुझा तर विषय."

"बाबा, लॅबचं विचारायचं नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही. दुसरं काहीही विचार."

दुसरं म्हणजे तिचं एकच. सर्फिंग. मागे मैत्रिणींबरोबर ती कर्नाटकच्या किनाऱ्यावर गेली आणि फळीवर उभं राहून लाटेवरून यायचं शिकून आली. शिकवणारी पोरं तिकडच्या कोळ्यांचीच. त्यानंतर दर सुट्टीत जायची. मी तेव्हा सगळ्या नातेवाइकांत बोललो होतो, "लोक समुद्रातून मासे घेऊन येतात. आमची पैसे देऊन नुसती पडून येते."

तर त्या दिवशी सलाईन चढताना तिने मला हवाई बेटांची गोष्ट सांगितली. तिकडे राजेसुद्धा लाटांवर खेळायचे. राजाची फळी लांब, रयतेची आखूड. फळीसाठी झाड तोडायच्या आधी मुळाशी एक लाल मासा ठेवायचे, झाडाला.

"आपण माशासाठी समुद्राला नारळ देतो," मी म्हटलं, "आणि ते फळीसाठी झाडाला मासा देतात. उलटा कारभार."

"तेच बाबा. तेच सेम आहे."

मग बाहेरून धर्मोपदेशक आले, म्हणाले हा काय नागवा खेळ, कामं करा. जहाजांबरोबर रोगराई आली, माणसंच कमी झाली. लाटेवर उभं राहणं जवळजवळ बुडालं. थोड्या लोकांनी ते धरून ठेवलं, आणि त्यांच्याकडून ते पुन्हा जगभर गेलं. पेरू देशात तर कोळी लव्हाळ्यांच्या बारक्या होड्यांवर बसून, मासे घेऊन, लाटेवरूनच घरी येतात.

"मग ते बरोबर," मी म्हटलं. "ते निदान मासे आणतात."

ती खूप दिवसांनी हसली. तेव्हापासून असं ठरलं, दर सलाईनला एक गोष्ट.

वास

केमोने केस जातात हे सगळ्यांना माहीत असतं. मला मासळीचा वास सहन होईना, हे कोणी सांगितलं नव्हतं. कोळ्याच्या घरात! सुकटीचा डबा उघडला की मी उलटीला पळायचो. घरात मासे शिजणं बंद झालं. आय दुपारी काठी टेकत शेजारी जाऊन जेवून यायची आणि तोंड, हात, पदर साबणाने धुऊन मगच घरात शिरायची. मंदा डाळ-भात, डाळ-भात करून कंटाळली. एकदा तिने पातेलं जरा जोरात आपटलं. मग स्वतःच म्हणाली, "अहो, हातातून सटकलं." आम्हा दोघांनाही माहीत होतं की सटकलं नव्हतं.

जिभेवर सारखी लोखंडाची चव. वरच्या खोलीत जायला अकरा पायऱ्या, त्या मी दोन मुक्कामांत चढायचो. थकवा म्हणजे झोप न झाल्यासारखा असेल असं मला वाटायचं. तसा नसतो. भरती येते तसा येतो. पायापासून वर, सावकाश. तुम्ही बघत असता आणि काही करता येत नाही.

दुसऱ्या सलाईनला सायलीने सांगितलं की सर्फिंगमध्ये उभं राहणं काही सेकंदांचं. बाकी सगळा वेळ पोटावर पडून हातांनी पाणी मारायचं, नाहीतर लाटा फुटतात त्याच्या पलीकडे फळीवर बसून वाट बघायची. त्याची शिस्त असते. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो, त्याची पाळी. दुसऱ्याच्या लाटेत घुसायचं नाही.

"आणि घुसला तर?"

"तर दोघंही पडतात. आणि बाकीचे शिव्या घालतात."

"मग मला नाही जमणार. मी रेशनच्या लायनीतही मध्ये घुसायचो."

दहावा दिवस

तिसरी केमो झाली. गाठ बोटाला लागेनाशी झाली होती. पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी खूप कमी. सायलीने सगळ्यांना बजावलं, "केमोनंतर आठव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत बाबा घरातच. गर्दी नाही, कच्चं काही नाही, माती नाही."

आयला एवढंच कळलं की लेकाचं रक्त कमी झालंय. आणि आमच्या आळीत रक्त कमी झाल्यावर औषध एकच. निवटीचा रस्सा. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारी बोटभर मासळी, डोळे डोक्यावर, पाण्याबाहेरही टुणटुण उड्या मारते. बाळंतिणीला द्या, तापातून उठलेल्याला द्या. आय चार दिवस निवट्या शोधत होती. मासळीवाल्या बाईकडे नव्हत्या.

दहाव्या दिवशी सकाळी मी उठलो आणि काय सांगू, मला बरं वाटत होतं. नुसतं बरं नाही, भूक लागली होती. शेजारून तळणाचा वास आला आणि मळमळलं नाही. आता मला माहीत आहे की हाच फसवा काळ. अंगाला बरं वाटतं तेव्हाच रक्त तळाला असतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की बाहेर ओहोटी आहे.

मंदा बाजारात, सायली लॅबमध्ये. माळ्यावर बापाची फळी होती. लांब, पुढून किंचित वर वळलेली. बाप तिच्यावर एक गुडघा टेकायचा, कडेला हाताने धरायचा आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत सूं करून जायचा. माणूस कमरेपर्यंत रुतेल अशा चिखलावरून. लहानपणी मी ते शिकलो होतो. होडीतल्यासारखी मळमळ त्यावर होत नसे, त्यामुळे माझी तेवढीच एक कोळीविद्या.

आय म्हणाली, "कुठं चाललंस?"

"निवट्या आनतंय."

तिने नको म्हणायला हवं होतं, असं ती आजही म्हणते. ती म्हणाली, "लवकर ये."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला मजा आली. टकलावर ऊन, तोंडाला मास्क आणि खाली बापाची फळी. मनात सायलीला म्हणत होतो, बघ, तुझे हवाईचे राजे गेले उडत. पाच निवट्या मिळाल्या. परत येताना कडेच्या कालवांचं शिंपलं पायाला लागलं. बारीकशी चीर. नळाखाली पाय धुतला, हळद दाबली, फळी परत माळ्यावर टाकली. आयने रस्सा केला. मी दोन वाट्या प्यायलो. दोन महिन्यांत असं जेवलो नव्हतो. आय समोर बसून नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजली.

मी काय केलं असेल? सायली घरी यायच्या आधी तापाची गोळी घेतली. ती आली, थर्मामीटर लावला, ताप नाही. "गुड," ती म्हणाली. मीही "गुड" म्हणालो. तासाभराने चहाचा कप हातात धरता येईना. दात वाजायला लागले तेव्हा आयच रडत बोलली, "चिकलात गेला व्हता गो. मीच जाव दिला."

सायलीने रिक्षा बोलावली.

चार खाटा

अतिदक्षता विभागात नाही गेलो, थोडक्यात वाचलो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "पुढची केमो पुढे ढकलावी लागेल. तुमचं काम एकच होतं ना?"

चार खाटांच्या खोलीत पाच दिवस होतो. दिवसातून तीनदा अँटिबायोटिक. सायली येत होती, बसत होती, गोष्ट सांगत नव्हती. तिसऱ्या दिवशी फक्त एवढं बोलली, "दहाव्या दिवशी, बाबा? पंधराव्याला गेला असतास तर निदान..." आणि खिडकीकडे गेली.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मी माझा निर्णय जाहीर केला. तीन झाल्या, गाठ लागत नाही, आता बस. मी दमलो होतो. भीतीने नव्हे, खरंच दमलो होतो. पुन्हा तो लाल रंग, तो लोखंडी घास, मंदाचं पातेलं, आयचा धुतलेला पदर. "तुम्ही सगळे पण सुटाल," मी म्हटलं.

मंदा म्हणाली, "आम्ही तक्रार केली का?"

"नाही. तेच बघवत नाही."

ती उठून बाहेर गेली. सायलीने लॅपटॉप काढला. म्हणाली, "लॅबचं विचारत होतास ना? बघ."

पडद्यावर राखाडी चिखल. त्यात फिकट ठिपके सरकत होते. रात्रभरचं चित्रण मिनिटभरात पळवलेलं, ती म्हणाली. एकेक पेशी पुढून पातळ झालर काढत होती. झालरीवर सारख्या लाटा. झालर खाली टेकवायची, पकड घ्यायची, मागचं अंग ओढून घ्यायचं.

"ही तर फळी!" मी म्हटलं. "बाप असाच जायचा."

"हं. आता ह्या दोन बघ. ह्या साध्या, निरोगी. एकमेकींना लागल्या की थांबतात. बघ, वळली. आता ह्या कॅन्सरच्या. लागली... थांबली नाही. वर चढून गेली." तिने चित्रण थांबवलं. "ह्या का थांबत नाहीत, माझं काम तेवढंच. तीन वर्षं झाली. अजून नीट कळलेलं नाही."

"माझ्या अशाच?"

"तुझ्या वेगळ्या. त्या रक्तातल्या, त्यांचं कामच फिरायचं. पण थांबायचं विसरल्या, हे तेच."

दुसऱ्याच्या लाटेत घुसणाऱ्या. रेशनच्या लायनीत घुसणाऱ्या. दहाव्या दिवशी खाडीत उतरणाऱ्या. कोण कोणाच्या अंगात शिरलं होतं कोण जाणे.

"ह्या कोणाच्या?" मी पडद्याकडे बोट केलं.

"एका बाईंच्या. फार वर्षांपूर्वीच्या. त्या गेल्या, पेशी वाढतायत. आमच्याकडे फक्त नंबर असतो."

"तिला विचारलं होतं?"

"माहीत नाही. बहुतेक नाही." तिने लॅपटॉप मिटला. "मी त्यांना मनात मावशी म्हणते. तुझा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले, मावशीच्या पेशींची बाटली उघडली आणि मला बघवेना. बाबा, मी तीन वर्षं बघतेय ह्या किती चिवट आहेत. तू म्हणतोस गाठ लागत नाही. बोटाला लागत नाही. लाटा एकट्या येत नाहीत, झुंडीने येतात. नवीन माणूस पहिली गेली की उभा राहतो, म्हणतो झालं. मागच्या चार त्याला दिसतच नाहीत."

मग ती रडली. लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून सलाईनचा खांब ढकलत बाथरूममध्ये गेलो आणि आवाज झाकायला नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. सगळ्या खोलीने ऐकलं.

बाहेर आलो आणि म्हटलं, "चौथी कधी?"

बाकीच्या तीन

चौथी दहा दिवस उशिरा झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाचवी आठवतच नाही. सहावीला सिस्टरने पेढा दिला, तो मला लोखंडाचा लागला, तरी दोन खाल्ले. सायलीच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या होत्या. लाटेखाली गेलं की हातपाय झाडायचे नाहीत, डोकं झाकायचं, ती आपल्याला सोडते तोवर थांबायचं. हे मला शेवटच्या दोन वेळी उपयोगी पडलं, बाकी औषधांइतकंच.

मंदाने त्या काळात एकदा माझ्या टकलाला तेल लावलं. केस नाहीत, कशाला, म्हटलं. "हाताला सवय आहे," ती म्हणाली. दोन्ही डोळे मिटून मी पडून राहिलो.

मग स्कॅन. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सध्या काही दिसत नाही." त्या 'सध्या'वर आम्ही आता राहतो. तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात मी अर्धा दिवस ऑफिसला जातो, अकरा पायऱ्या एका दमात चढतो आणि वर जाऊन का आलो ते विसरतो.

आयने त्या दिवसानंतर निवटीचं नाव काढलं नव्हतं. शेवटी मीच डॉक्टरबाईंना विचारलं. "चांगली शिजवून खा," त्या म्हणाल्या. "पण चिखलात तुम्ही नाही."

"मी नाही," मी म्हटलं.

गेल्या रविवारी ओहोटीला सायलीने माळ्यावरची फळी काढली. आजोबांची फळी आणि कर्नाटकातली फळी यांत काय एवढा फरक, असं तिचं म्हणणं. मी बांधावर बसलो, पायात मोजे, बूट, जवळ आय. सायलीने गुडघा टेकला, पाय मारला आणि चार हातांवर जाऊन तोंडावर पडली.

"हातानं कड धर!" मी ओरडलो. "जोर पायात दे, कमरेत नको!"

पुन्हा पडली. आय हसायला लागली, पदर तोंडात घालून. तिसऱ्यांदा फळी पुढे गेली आणि सायली मागे मांडीपर्यंत रुतली. हलेना. तिने आमच्याकडे बघितलं. सगळा चेहरा चिखलाचा, नुसते डोळे.

मी उठलो. एक बूट काढला. मोजा काढला. पायाला ती बारीक चीर अजून दिसते, पांढरी.

खाली सायली धडपडायची थांबली होती. आडवी होऊन, हात लांब करून, फळीकडे सावकाश सरकत होती.

मी मोजा परत चढवला आणि बसलो.

"दमलंस?" आयने विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "पाळी तिची हाय."